दोन फुटांत एक सूत

मित्रांनो, मी एक जुना लाकडी गुण्या आहे. तुमच्या कंपासपेटीत असतो तसा हलका आणि पारदर्शक नाही. फरशी बसवणाऱ्या मिस्त्रीच्या पिशवीतला, तीन पट्ट्यांचा, चांगला जाडजूड. काटकोन दाखवणे एवढेच माझे काम. तेवढेही मला धड येत नाही, हे ज्या दिवशी चारचौघांत उघडे पडले, त्या दिवसापासूनच सांगतो.

वाचनालयाच्या नव्या हॉलचे काम होते. हॉल चोवीस फूट लांब आणि सोळा फूट रुंद. मधोमध रंगीत तुकड्यांचा आठ टोकांचा तारा बसवायचा होता आणि त्याच्या चारही बाजूंना फुटाफुटाच्या साध्या फरश्या. मिस्त्रीची बायको जाऊन तेव्हा सतरा दिवस झाले होते. त्याने दाराकडच्या भिंतीचा मध्य काढला, मला भिंतीला टेकवले आणि माझ्या लांब पट्टीच्या रेघेत दोरी थेट समोरच्या भिंतीपर्यंत ताणली. दोरी तिथल्या मध्यावर पोचायला हवी होती. ती दीड इंच डावीकडे पोचली.

"भिंत वाकडी आहे," मिस्त्री म्हणाला आणि त्याच दोरीला धरून फरश्या बसवायला लागला.

चौथ्या दिवशी सकाळी ग्रंथपालबाई हॉल बघायला आल्या. फरश्यांखालचा सिमेंटचा माल पक्का झाला होता. बाई दारात उभ्या राहिल्या आणि त्यांनी मान थोडी वाकडी केली, मग दुसऱ्या बाजूला वाकडी केली.

"मिस्त्री, हा तारा समोरच्या खिडकीच्या रेघेत का नाही आला?"

"आलाय की, बाई."

"मग मला तिरळं दिसतंय का?"

शेजारच्या खोलीत लांब्या नावाचा एक कारागीर भिंतीच्या फरश्या लावत होता. हा लांब्या पूर्वी आमच्या मिस्त्रीच्या हाताखाली होता, आता स्वतः कामे घ्यायचा. तो टेप घेऊन आत आला. त्याने दूरच्या टोकाला ताऱ्याच्या रेघेपासून दोन्ही भिंती मोजल्या. डावीकडे आठ फुटांना दीड इंच कमी, उजवीकडे आठ फुटांना दीड इंच जास्त. दोन्ही बाजू सारख्या असायला हव्या होत्या, त्यांच्यात तीन इंचांचा फरक. डावीकडच्या शेवटच्या ओळीतली प्रत्येक फरशी मिस्त्रीने तिरपी कापली होती आणि उजवीकडे भिंतीलगत पाचरीसारखी फट राहिली होती.

लांब्याने टेप मिटवला. हॉलमध्ये सहा माणसे होती, ती सगळी ऐकत होती.

"उस्ताद," तो म्हणाला, "वहिनी गेल्या त्या काटकोन पण घेऊन गेल्या की काय?"

दोघेतिघे हसले. ग्रंथपालबाई हसल्या नाहीत. त्या म्हणाल्या, "माणसाचं दुःख मला समजतं. पण लोक इथे रोज येऊन बसणार आहेत. हे उखडा." उखडायचे आणि नव्याने बसवायचे काम त्यांनी तिथल्या तिथे लांब्याला दिले. पहिला घाव ताऱ्यावर पडला. मिस्त्रीने मला पिशवीत कोंबले आणि तो मागे न बघता निघाला.

आता माझा जन्म कसा झाला ते सांगतो, म्हणजे चूक कोणाची ते तुम्हाला कळेल.

मला एका सुताराने बनवले. त्याची अकरा वर्षांची मुलगी दिवसभर कागद कापत बसे. चित्रे नव्हेत, नुसते आकार. कुठलाही वेडावाकडा कागद घ्यायचा, त्याचे तुकडे करायचे आणि ते जुळवून सरळ चौकोन करून दाखवायचा. सुताराने एकदा तिला विचारले, "तिकोनी फळीला रंग किती लागेल, सांग बघू." तिने तसाच दुसरा त्रिकोण कापला, उलटा करून पहिल्याला जोडला आणि म्हणाली, "हा झाला चौकोन. आता याच्या निम्मा." त्या आठवड्यात सुताराने एका मोडक्या पलंगाचा पाय घेतला. वीस वर्षे वाळलेले लाकूड, आता ते आक्रसणार नव्हते. त्यातून त्याने तीन पट्ट्या काढल्या. एक दीड फुटाची, एक दोन फुटांची आणि दोघींना जोडणारी तिरपी पट्टी अडीच फुटांची. ही तीन मापे बरोबर असली की मधला कोपरा काटकोनच होतो. तुम्ही शाळेत हे शिकला असाल.

मला तिच्या हातात देताना सुताराने तिला एक गोष्ट शिकवली. ती तुम्हीही लक्षात ठेवा. सरळ कडेला गुण्या टेकवायचा आणि रेघ मारायची. मग गुण्या पालथा करायचा आणि त्याच जागेवरून पुन्हा रेघ मारायची. दुसरी रेघ पहिलीवर बसली तर गुण्या बरोबर. नाही बसली तर दोन रेघांत जेवढे अंतर दिसेल, त्याच्या निम्मी गुण्याची चूक.

तिने लगेच करून पाहिले. दोन रेघांची एकच रेघ झाली. माझ्या आयुष्यातला तो सगळ्यात चांगला दिवस. तेव्हा मला वाटले होते की असे दिवस पुष्कळ येतील.

आठवीनंतर तिची शाळा बंद झाली. पुढे फरशीच्या मिस्त्रीशी लग्न झाले. सासरी आली तेव्हा कपड्यांच्या घडीत मला घेऊन आली. मिस्त्रीने मला उचलून बघितले. लाकूड त्याला आवडले.

"बायकांना गुण्या कशाला?" तो म्हणाला. "भांडी काटकोनात लावणार आहेस का?"

आणि त्याने मला आपल्या पिशवीत टाकले. ती हसली. तिला वाटले, थट्टा चालली आहे, संध्याकाळी परत देईल. त्याने मला परत दिले नाही.

काम मात्र मला दोन्हीकडे दिसायचे. दिवसा मी मिस्त्रीबरोबर, संध्याकाळी घरी. हात मिस्त्रीचा चांगला होता. त्याने बसवलेली फरशी कधी डुगडुगली नाही. पण खोली साध्या चौकोनाची नसली की त्याला घाम फुटायचा. पहिल्या वर्षी असाच एकदा तो एका षटकोनी खोलीची मापे घेऊन घरी आला आणि चिडून बसला. तिने वर्तमानपत्राचा कागद घेतला, षटकोन कापला, तीनदा दुमडला. आतून सहा सारखे त्रिकोण निघाले.

"अहो, एकच मोजायचा आणि सहाने गुणायचं. सगळी खोली कशाला मोजताय?"

दुसऱ्या दिवशी मिस्त्री मालकासमोर उभा राहिला, डोळे मिटले, दोन मिनिटे गप्प बसला आणि म्हणाला, "एकच मोजायचा आणि सहाने गुणायचं." मग आकडा सांगितला. आकडा त्याच्या खिशातल्या चिठ्ठीवर होता आणि तो रस्ताभर घोकत आला होता. मालक चकित झाला. तेव्हापासून हा रिवाजच पडला. मिस्त्री मापे घरी आणायचा, ती स्वयंपाकघरात जमिनीवर बसून कागद कापायची, क्षेत्रफळ काढायची, फरश्या किती लागतील ते लिहायची. दुसऱ्या दिवशी मिस्त्री डोळे मिटायचा. लोक त्याला हिशोबाचा बादशहा म्हणू लागले. डोळे मिटण्याचे त्याला इतके छान जमू लागले की कधीकधी मलाही वाटायचे, हाच करतोय की काय.

घरी शाबासकी नव्हती. "एवढ्याला एवढा वेळ?" किंवा "तुझ्या बापाने तुला कागद फाडायलाच शिकवलं." एवढे बोलून तो चिठ्ठी खिशात घालायचा. ज्या जमिनीवर बसून ती दुसऱ्यांच्या खोल्यांचे हिशोब करायची, ती जमीन साध्या सिमेंटची होती, खडबडीत, जागोजागी पोपडे निघालेली. तिने दोनतीनदा विषय काढला. "आपल्याकडे कोण बघायला येतंय?" असे उत्तर मिळाले. नंतर तिने विषय काढला नाही.

आता वाईट दिवसाकडे येतो.

एकदा मिस्त्री डबा विसरला म्हणून ती कामावर डबा द्यायला आली. एका घरात काटकोनात वळलेली खोली होती. एक भाग चौदा फूट बाय सहा, दुसरा बारा फूट बाय सहा. या खोलीत काय अवघड आहे असे वाटून मिस्त्रीने त्या दिवशी हिशोब स्वतःच केला होता. चौदा सक चौऱ्याऐंशी, बारा सक बहात्तर. एकूण एकशेछप्पन्न फरश्या. मालक समोर उभा होता, लांब्याही होता. ती डबा ठेवताना सहज बोलून गेली, "अहो, कोपरा दोनदा मोजलात. सहा सक छत्तीस कमी करा. एकशेवीसच लागतील."

मालकाने बोटांवर हिशोब केला आणि मोठ्याने हसला. "मिस्त्री, तुम्ही डबा घेऊन घरी जा. फरश्या बाईंना बसवू दे."

मिस्त्रीही हसला. संध्याकाळपर्यंत हसतच होता. घरी आल्यावर त्याने दार लावून घेतले.

"लोकांसमोर माझी अक्कल काढतेस?"

"चुकून तोंडातून गेलं हो."

"चुकून?" त्याने पिशवीत हात घातला. हाताला मी लागलो. त्याने मला फेकले. मित्रांनो, फेकलेल्या वस्तूला थांबता येत नाही. मी आधी तिच्या कोपराला लागलो, मग भिंतीला, मग जमिनीवर पडलो. त्यांची मुलगी तेव्हा दहा वर्षांची होती. ती टेबलापाशी अभ्यास करत होती. तिने वहीतून डोके वर काढले नाही.

मिस्त्रीच्या बायकोचा कोपर महिनाभर सुजलेला होता. सूज उतरली, पण तो हात नंतर कधी पूर्ण सरळ झाला नाही. आणि माझी तिरपी पट्टी सांध्यातून किंचित सरकली. डोळ्याला दिसणार नाही एवढीच. एका इंचाचे आठ भाग केले तर एका भागाला आम्ही सूत म्हणतो. ती पट्टी अर्ध्या सुताहून जरा जास्त बाहेर आली असेल. तेवढ्याने माझा काटकोन उघडला. आता माझ्या लांब पट्टीने मारलेली रेघ दोन फुटांत एक सूत डावीकडे जाऊ लागली.

हे मला माहीत होते. पण गुण्याला तोंड नसते. मला जिथे टेकवतील तिथे मी उभा राहायचो आणि खोटे सांगायचो.

तिला त्यानंतरच्या दुसऱ्याच कामात कळले. मिस्त्री कुरकुरत घरी आला होता की भिंती वाकड्या निघाल्या. तो अंघोळीला गेला तेव्हा तिने मला पिशवीतून काढले, सिमेंटच्या जमिनीवर टेकवले, रेघ मारली, पालथे केले, पुन्हा रेघ मारली. दोन रेघा खाली एकत्र होत्या आणि वर दोन सूत लांब. तिने माझ्या सांध्यावरून अंगठा फिरवला. सुताराची मुलगी ती. पट्टी ठोकून जागेवर आणायची आणि डिंक भरून एक रात्र बांधून ठेवायची, एवढेच काम होते. पण तेवढ्यात लांब्या काही निरोप घेऊन दारात आला आणि मिस्त्रीही अंघोळ करून बाहेर आला.

"अहो, गुण्या सुटलाय. एकदा उलटा करून बघा," ती म्हणाली.

मिस्त्रीने लांब्याकडे बघितले. लांब्यासमोर मालक हसला होता, ते तो विसरला नव्हता.

"गुण्या सरळ आहे. तुझं डोकं वाकडं आहे," तो म्हणाला. "आणि माझ्या हत्याराला परत हात लावशील तर दुसरा कोपरही तसाच करून ठेवीन."

लांब्या दारातच पायाच्या बोटांकडे बघत उभा राहिला. तिने मला पिशवीत ठेवले, फडके घेतले आणि जमिनीवरच्या रेघा पुसल्या. मिस्त्रीला सांगण्याची तिची ती पहिली आणि शेवटची वेळ.

त्यानंतर पाच वर्षे काय चालले ते मी पाहिले. ती पूर्वीसारखेच हिशोब करायची. फरक एवढाच की चिठ्ठीच्या शेवटी एक ओळ जास्त यायची. "दूरच्या टोकाला दोरी उजवीकडे सहा सूत घ्या." कधी आठ सूत, कधी दहा सूत. मिस्त्रीने एकदा विचारले, "हे काय नवीन?" ती म्हणाली, "तुमच्या मापांवरून दिसतं, भिंत वाकडी आहे." त्याला ते पटले. भिंत वाकडी आहे हे त्याला नेहमीच पटायचे. तो दोरी तेवढी उजवीकडे घ्यायचा आणि फरशी रेघेत बसायची. पाच वर्षांत एक काम वाकडे झाले नाही. लोक मला हातात घेऊन म्हणायचे, "काय गुण्या आहे, जुन्या लाकडाची गोष्टच वेगळी." माझे कौतुक झाले की मला पिशवीच्या तळाशी जावेसे वाटायचे.

मग ती आजारी पडली. छातीत पाणी झाले. दवाखान्यात आठ दिवस होती. सहाव्या दिवशी भेटायच्या वेळेला मिस्त्री वाचनालयाच्या हॉलची मापे घेऊन गेला. मी पिशवीत, पिशवी खाटेखाली. मी सगळे ऐकले.

"एवढं करून दे. उद्या माल सांगायचाय."

तिला बोलताना धाप लागत होती. कागद नव्हता म्हणून तिने एक्स-रेच्या पाकिटावर लिहिले. चोवीस गुणिले सोळा, तीनशेचौऱ्याऐंशी. मधला तारा चार बाय चार, म्हणजे सोळा. उरलेल्या साध्या फरश्या तीनशेअडुसष्ट. एवढे लिहायला तिला बराच वेळ लागला. वाकड्या कोपरामुळे पाकीट नीट धरता येत नव्हते. नर्स येऊन म्हणाली, वेळ संपली. मिस्त्रीने पाकीट ओढून घेतले.

"थांबा," ती म्हणाली. "एक ओळ राहिली."

"आकडा मिळाला ना, बस झालं. तू झोप."

"अहो, एकच ओळ."

"उद्या सांग." त्याने पिशवी उचलली.

दुसऱ्या दिवशी तिच्या तोंडात नळी होती. आणखी एका दिवसाने ती गेली. पाकिटावर शेवटची ओळ नव्हती. पुढे हॉलचे काय झाले ते तुम्हाला माहीतच आहे.

त्या दिवशी मिस्त्री भरदुपारी घरी आला. मुलगी सोळा वर्षांची झाली होती. ती गॅसपाशी काही ढवळत होती. त्याने पिशवी जमिनीवर आपटली.

"तुझी आई जाता जाता माझं नाक कापून गेली. माप चुकवलं. पंचवीस वर्षांचं माझं नाव, सहा माणसांसमोर मातीत घातलं."

मुलीने गॅस बंद केला. हात पुसले. वरच्या फळीवरून एक वही काढली. आईची हिशोबाची वही. ती तिने बापासमोर उघडली.

"वाचा."

"मला काय वाचायला सांगतेस?"

"मी वाचते मग. बारा फूट खोली, उजवीकडे सहा सूत. सोळा फूट, आठ सूत. वीस फूट, दहा सूत. दहा फूट, पाच सूत." तिने पान उलटले. "बाबा, सगळ्या गावाच्या भिंती एवढ्या हिशोबात वाकड्या असतात का? आणि सगळ्या एकाच बाजूला?"

तिने मला पिशवीतून काढले. खडू घेतला. ज्या जागी तिच्या आईने मला तपासले होते, त्याच जागी टेकवले. एक रेघ. मग पालथे केले. दुसरी रेघ. ती उठून बाजूला झाली आणि रेघा मिस्त्रीच्या पायांसमोर राहिल्या. खाली एक, वर दोन.

मिस्त्री वाकला, मग गुडघ्यांवर बसला. त्याने खिशातून टेप काढला आणि वरचे अंतर मोजले. दोन सूत. बोटांवर मोजत त्याने हिशोब केला. त्याचा निम्मा एक सूत. दोन फुटांत एक सूत, तर चोवीस फुटांत बारा सूत. बारा सूत म्हणजे दीड इंच. माझ्या समजुतीप्रमाणे हा त्याने आयुष्यात स्वतः केलेला पहिला बरोबर हिशोब.

"कधीपासून?" त्याने विचारले.

"तुम्ही फेकलात त्या दिवसापासून. मी तिथेच बसले होते."

"तुला हे माहीत होतं?"

"आईने मागच्या वर्षी शिकवलं."

"आणि तू मला हॉल करू दिलास?"

"हो."

"का?"

"आईने एकदा सांगितलं होतं तुम्हाला," मुलगी म्हणाली. "दुसऱ्यांदा मी का सांगू?"

तिचा आवाज चढलेला नव्हता. शाळेत उत्तर सांगावे तशी ती बोलली. मिस्त्रीने हात उचलला, मला वाटले आता मारतो. त्याने मला उचलले. सांध्यावर अंगठा ठेवला, जिथे बायकोने ठेवला होता तिथेच. तिला जो फरक एका अंगठ्याने कळला, तो त्याला पाच वर्षे मला वापरूनही कळला नव्हता. आता मात्र कळला. तो हलक्या आवाजात म्हणाला, "डिंक आहे का घरात? मी आत्ता जोडतो."

"नाही," मुलगी म्हणाली. "तुम्ही नाही जोडायचा. आजोबांनी तो आईला दिला होता. मी जोडीन. पण आधी तुम्ही लांब्याकाकांकडे जायचं. सगळ्यांसमोर सांगायचं की हिशोब आई करायची. षटकोनाचा, हॉलचा, सगळ्यांचा. आणि गुण्या कशाने सुटला तेही सांगायचं. तुम्ही सांगून आलात की त्याच संध्याकाळी मी सांधा भरते."

"लोक काय म्हणतील?"

"खरं म्हणतील."

"मला काम कोण देईल मग?"

"आता कोण देतंय?"

हे घडल्याला दोन वर्षे झाली. लोक लांब्यासारखे नसतात. लोक दयाळू असतात आणि तेच मिस्त्रीला नडले. हॉलची गोष्ट सगळीकडे झाली, पण वेगळीच झाली. "बायको गेली, बिचाऱ्याचं चित्त थाऱ्यावर नाही. नाहीतर हिशोबाला त्याचा हात कोण धरणार?" असे म्हणून लोकांनी त्याला माफ केले. न मागता मिळालेली ही माफी त्याने मुकाट्याने घेतली. आता तो लांब्याच्या हाताखाली फरश्या कापतो. लांब्याला त्या दिवसाच्या बोलण्याची लाज वाटली असावी. तो मजुरांना सांगतो, "उस्तादांना मान द्या रे. नुसते डोळे मिटून अख्ख्या खोलीचा हिशोब सांगायचे." मजूर म्हणतात, "खरंच, उस्ताद? एकदा करून दाखवा की." मिस्त्री खाली मान घालून फरशी कापत राहतो. मी त्याच्या पिशवीत असतो. तो मला रोज बरोबर नेतो आणि कामावर एकदाही बाहेर काढत नाही.

दोनदा मात्र तो बोलायला गेला. एकदा जेवणाच्या सुट्टीत लांब्यासमोर जाऊन उभा राहिला. "लांब्या, एक सांगायचं होतं. आमच्या हिच्याबद्दल." लांब्याने लगेच त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "उस्ताद, मला कळतं. त्रास करून घेऊ नका. या, बसा." आणि मिस्त्री बसला. दुसऱ्यांदा तो लांब्याच्या घराच्या फाटकापर्यंत गेला. आत दिवा होता, माणसे बोलत होती. त्याने कडीला हात लावला आणि परत फिरला. घरी मुलीने विचारले, "सांगितलं?" तो म्हणाला, "तो घरी नव्हता." मुलगी म्हणाली, "बरं." खोटे तिला लगेच कळते. माझ्यासारख्या खोट्या गुण्याबरोबर ती वाढली आहे.

मित्रांनो, अशा गोष्टीच्या शेवटी काही शिकवण सांगायची पद्धत असते. माझ्याकडे मोठी शिकवण नाही. तुमच्या कंपासपेटीतला गुण्या एकदा पालथा करून बघा, दोन रेघा लागतात फक्त. हातात आलेली वस्तू रागाने फेकू नका, कारण ती कोणाला लागेल आणि तिच्यातले काय सुटेल हे फेकताना कळत नाही. आणि घरात कोणी म्हणाले, की एकदा उलटा करून बघा, तर तेव्हाच बघा. पाच वर्षांनी बघून उपयोग होत नाही.

स्वयंपाकघरात त्या दोन रेघांवरून मुलगी खडू फिरवते. पुसट झाल्या की पुन्हा मारते, त्यासाठी मला पिशवीतून काढते आणि परत ठेवते. मिस्त्री जेवायला बसतो तेव्हा त्या त्याच्या ताटासमोर असतात. फळीवर डिंकाची बाटली आहे. पहिली सुकून गेली, ही दुसरी. हीसुद्धा निम्मी घट्ट झाली आहे.

मिस्त्रीने लांब्याला अजून काही सांगितलेले नाही. माझा सांधा अजून जोडायचा आहे.